माझ्या नावावरचं तुझं रक्त

हणमंता, तुझ्या मातीला लोणंदचे मामा आले ते अंगणात पाय ठेवतानाच मोठ्यानं रडायला लागले. "मास्तर, आमाला सोडून कसं गेलासा वं," म्हणत त्यांनी डोईचं मुंडासं काढलं, डोळे पुसले, आणि मग त्यांना मी दिसलो. मी पायरीवर बसलो होतो. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मग गेलं कोन?" मी म्हणालो, "हणमंत." त्यांचा विश्वास बसेना. "आवं पन पाळी तुमची हुती की," म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्या गावाच्या मनात होतं तेच ते बोलले.

हे तुला आधी सांगायचं होतं, कारण ह्या गोष्टीवर तू आठ दिवस हसला असतास. घरात आता दुसरं कुणी नाही ज्याला हे सांगता येईल. तुझ्या बायकोला, शालनला, कसं सांगू?

मामांचं चुकलं असंही नाही. अकरा वर्षं माझं पोट बिघडलेलं. मोठ्या आतड्याला आतून व्रण होतात, रक्त पडतं, काही दिवस शांत जातात आणि पुन्हा उसळतं. तीनदा गाव माझ्या उशाशी येऊन बसलं आणि तीनदा चहा पिऊन उठून गेलं. दुसऱ्या वेळी तर तू जळणसुद्धा आणून ठेवलं होतंस. मी चौथ्या दिवशी उठून बसलो आणि ती लाकडं शालननं चुलीला घातली. त्यावर शिजलेला भात मीच खाल्ला. तू म्हणालास, "दादा, जळान वाया न्हाई गेलं."

लग्न मी केलं नाही ते ह्या पोटापायी. मुलगी बघायच्या कार्यक्रमातून दोनदा पोह्यांची बशी ठेवून उठलो, ते परत बैठकीत आलोच नाही. दुसऱ्या वेळी मुलीच्या बापानं मला मागच्या दारानं पळताना पाहिलं आणि त्याचा वेगळाच समज झाला. मग हायस्कुलातला भूगोल, पिवळ्या गोळ्या, आणि तुमच्या घरातलं माझं वेगळं ताट, असा संसार झाला. आणि तू? एकाहत्तरच्या लढाईहून आलास तो दुप्पट रुंद होऊन. भाकरी हातात घेतलीस की ती पुरीएवढी दिसायची.

आपल्या डॉक्टरबाई मूळच्या वाईच्या, विलायतेला शिकून सांगलीत आलेल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी साताऱ्याच्या एका दवाखान्यात यायच्या. मी पोट बरं असेल तेव्हाच जायचो. त्यांनी विचारावं, "मास्तर, कसं आहे?" आणि मी म्हणावं, "बरं आहे." "शौचाला किती वेळा?" "एकदा." "रक्त?" "छे, छे." एकदा त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मग वजन चार किलो कुठं गेलं? एस.टी.त विसरलात?" आता बाई माणसासमोर, तेही वाईच्या, मी आकडे सांगणार होतो का? मी शिक्षक आहे. फळ्यावर सोळा लिहीन, तोंडानं म्हणणार नाही.

त्यातूनच त्यांचं ते संशोधन निघालं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सातारा-सांगलीची माणसं मरायला टेकलात तरी मला बरं हाय म्हणता. मी औषध कशाच्या जोरावर द्यायचं? रक्त तरी लाजणार नाही." मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी घरी येऊन तुला. आतडं म्हणजे नुसती नळी नव्हे. त्याच्या अस्तरात बारीक पेशी असतात, त्या रक्तात संप्रेरकं सोडत असतात, केव्हा जेवण आलं, केव्हा हलायचं, केव्हा थांबायचं ह्याचे निरोप. आतडं सुजलं की हे निरोप वाढत असावेत, असा तिकडच्या काही लोकांचा नुकताच अंदाज होता. तसं असेल तर रक्तावरून कळेल की आजार आत खरोखर जळतोय की विझलाय. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हंजी पोट चुगली करतंय." बाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

नियम असा ठरला. बऱ्या दिवसाचं रक्त पहिल्या रविवारी खुद्द बाईंकडे द्यायचं. आणि आजार उसळेल त्या दिवशी, त्याच दिवशी, साताऱ्याला जाऊन त्या दवाखान्यातल्या लॅबवाल्याकडे द्यायचं. तो ते बर्फात घालून सांगलीला धाडणार, बाई तिथून मुंबईला. आणि शेवटी त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "उसळलेल्या दिवशी ही संप्रेरकं खूप वाढलेली दिसली, तर मात्र गोळ्यांवर वेळ काढता येणार नाही. मोठं आतडं काढावं लागेल. पोटाला बाहेरून तोंड ठेवायचं आणि पिशवी लावायची." मी मान डोलावली. परतीच्या एस.टी.त मला दुसरं काही दिसेना. आठवी ब-चा वर्ग, फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा, आणि नकाशापुढं पोटाला पिशवी बांधलेला मी.

चैत्रात पहिल्यांदा उसळलं. पहाटेपासून मी तू बांधून दिलेल्या संडासात, आणि बाहेर तू पहाऱ्यावर.

"दादा, ही कितवी?"

"तू मोजतोस कशाला?"

"बाईंनी सांगितलंय न्हवं. आज सातारा."

"ह्या पोटानं एस.टी.त बसू? वाटेत कंडक्टरला काय सांगू?"

सायकलीचा आवाज आला. मला वाटलं, मास्तर येऊ शकत नाहीत एवढा निरोप द्यायला निघाला. संध्याकाळी तू परत आलास तो कोपर दुमडून, आणि त्यात कापसाचा बोळा.

"काय रे हे?"

"दिलं."

"काय दिलंस?"

"रगत. तुमचं."

माझ्या अंगात उठून बसायचं बळ नव्हतं, तरी मी उठलो. वर्गात दुसऱ्याची हजेरी देणाऱ्याला मी छडी मारतो हे तुला ठाऊक होतं. तू शांतपणे खाली बसलास आणि मला शिकवायला लागलास. "आवं, घरटी एक मानूस. मयताला, लग्नाला, देवळाच्या कामाला, सोसायटीच्या मीटिंगला तुमच्या जागी मीच जातू का न्हाई? कवा कोन म्हनलं का, थोरला का आला न्हाई? घरचा मानूस गेला म्हंजी घर गेलं."

"अरे, पण ते रक्त आहे."

"मग? एका आईचं हाय. का तुमचं दुसऱ्या आईचं?"

"लॅबवाल्यानं नाव नाही विचारलं?" मी म्हणालो. "इचारलं. म्या तुमचं सांगटलं. त्यानं बाटलीवर लिवलं. मास्तराचा दंड बघून जरा बिचाकला, पर काय बोलला न्हाई."

मी त्याच रात्री बाईंना कार्ड लिहायला घेतलं. पत्ता लिहिला, 'कृ. सा. न. वि. वि.' लिहिलं, आणि तिथं थांबलो. हणमंता, खरं सांगतो, मला पिशवी आठवली. तुझं रक्त तुझ्यासारखंच ठणठणीत असणार, त्यात काही वाढलेलं दिसणार नाही, आणि माझं आतडं पोटात राहील. मी कार्ड फाडलं. तुला वाटलं असेल की मी तुझ्या युक्तिवादापुढं हरलो. मी हरलो नव्हतो, मी घाबरलो होतो.

आणि झालंही तसंच. दोन महिन्यांनी उत्तर आलं, वाढ नाही, गोळ्या चालू ठेवा. त्यानंतर तू ह्या कामाला पलटणीच्या शिस्तीनं लागलास. आजार उसळला की दाढी करायचास, माझी टोपी, माझा कोट, वर माझा चष्मा. चष्म्यातून तुला दिसायचं काही नाही, साताऱ्याच्या स्टँडवर गुडघा फोडून घेतलास. काखेत माझं भूगोलाचं पुस्तक असायचं, मास्तर वाटावं म्हणून. लॅबवाल्याला एकदा वेळ होता. त्यानं विचारलं, "काय मास्तर, जगातली सगळ्यांत लांब नदी कोणती?" तू म्हणालास, "कृष्णा." तो हसला, तर तू वर त्याला ऐकवलंस, "झेलम बी बघितलीया. कृष्णाच लांब." मला हे तूच येऊन सांगितलंस, आणि वर विचारलंस, बरोबर हाय न्हवं? मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. ते उत्तर माझ्या नावावर गेलं होतं रे.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं हेही मी तुला नीट बजावलं होतं. तू स्टँडवरच्या हॉटेलात चार अंडी खाऊन जायचास. का, तर "रिकाम्या हिरीतनं पानी निघतं व्हय?" परिणाम मला भोगावे लागले. पहिल्या रविवारी बाईंनी माझ्यापुढं कागद पसरले आणि चष्म्याच्या वरून बघायला लागल्या.

"मास्तर, बऱ्या दिवशी तुमचं हिमोग्लोबिन नऊ. आजार उसळला की पंधरा. हे कसं?"

मी म्हणालो, "शरीर झुंज देत असेल."

"आणि त्या दिवशीचं सीरम दुधासारखं पांढरं येतं. तुम्ही त्या दिवशी काय खाता?"

"पेज."

"पेजेत काय घालता?"

"मीठ," मी म्हणालो.

बाईंनी त्याच्यावर चार पानं लिहिली होती. आजार उसळला की एरवी रक्त कमी होतं, पण ह्या भागातल्या काटक माणसांत उलट का होत असावं, ह्याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता. ती पानं त्यांनी मला वाचून दाखवली आणि मी ऐकत राहिलो. आयुष्यात मी इतका घामाघूम कधी झालो नाही. घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालास, "बाई हुशार हाय. काटक म्हनली न्हवं?"

आपण फार हसलो त्या वर्षी. मी आजारी आणि तू माझ्या नावानं निरोगी. इतकं हसू आपल्या घरात आई गेल्यापासून नव्हतं. तुझे आभार मानायचे राहिले असं लोक लिहितात, मी ते लिहिणार नाही, कारण आभार मानले असते तर तू मला वेड्यात काढलं असतंस. पण मला ते वर्ष आवडलं होतं. पोटात आग पडलेली असताना दाराबाहेर कुणीतरी माझी टोपी घालून तयार उभं आहे, ह्यानं माणसाला किती बरं वाटतं ते मला ठाऊक आहे.

भाद्रपदात तू चौथ्यांदा गेलास. दिवाळीच्या तोंडावर बाईंचं पत्र आलं. कार्ड नव्हे, पाकीट. आपण ते विहिरीवर मोटारीच्या खोपीजवळ बसून वाचलं, घरात बायकामाणसांपुढं पोटाचं वाचायला नको म्हणून. बाईंनी लिहिलं होतं, 'मागच्या नमुन्यात संप्रेरकं फार वाढलेली आहेत. हिमोग्लोबिनही पंधराचं बारावर आलं आहे. वेळ घालवू नका. मिळेल त्या गाडीनं सांगलीला या. सर्जनना दाखवायचं आहे.'

मी वाचून संपवलं आणि आपण एकमेकांकडे बघितलं. तुझ्या रक्तात! तू हसायला लागलास. "दादा, म्हंजी आता माजं आतडं काढत्यात का काय?" म्हणालास. "मशीन पार खुळं हाय गड्या." मीही हसलो. तू पोट धरून खाली बसलास, आणि जरा वेळ उठला नाहीस. हसण्यानं, असं मी समजलो.

सांगलीला मात्र मला जावं लागलं, कारण आता पिशवी तुझ्या रक्तावर माझ्या पोटाला येऊ घातली होती. विश्रामबागेत बाईंच्या घरी गेलो, खुर्चीच्या कडेवर बसलो आणि सगळं सांगितलं. चार नमुने, टोपी, चष्मा, अंडी, सगळं. बाई आधी लाल झाल्या. मग त्यांनी आतून ती चार पानं आणली, माझ्यादेखत फाडली, आणि हसायला लागल्या. मला वाटलं, सुटलो.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी माणसाला घराबाहेर पडता येत नाही, त्या दिवशी मी त्याला एस.टी.नं साताऱ्याला बोलावलं. पण मास्तर, तुम्ही सांगलीला का नाही आलात? रेल्वेला संडास असतो."

हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हणमंता. कितीही उसळलं असतं तरी मी रेल्वेनं जाऊ शकलो असतो. फक्त त्यासाठी बाईंपुढं तो शब्द उच्चारावा लागला असता.

मग त्या हसायच्या थांबल्या. "म्हणजे भाद्रपदातलं हे रक्त तुमच्या भावाचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो हो. "त्याला काय होतंय?" "त्याला काय होणार? तो बैल आहे." बाई म्हणाल्या, "एका नमुन्यावरून शास्त्र होत नाही, यंत्र चुकलंही असेल. पण हा आजार एका घरात दोघांना होऊ शकतो. त्याला घेऊन या. ह्याच आठवड्यात."

मी घरी येऊन तुला निरोप दिला. नीट आठवून बघतो आहे, कसा दिला. मी म्हणालो, "बाई म्हणतायत, एकदा येऊन जा. तसं काही नाही म्हणा." हे शेवटचं वाक्य बाईंचं नव्हतं. तू म्हणालास, "ऊस तुटू द्या, मग येतू." आणि मी म्हणालो, "बरं." आठवीतल्या पोरानं गृहपाठ उद्या आणतो म्हटलं तर मी इतक्या लवकर बरं म्हणत नाही. पण ते यंत्र खुळं असणं माझ्या सोयीचं होतं. ते शहाणं ठरलं असतं तर पुढचं खरं रक्त माझं घेतलं असतं, आणि त्यानं काय सांगितलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तुझ्यावर माझी माया नव्हती असं नाही. माझं आतडं मला तितकंच प्यारं होतं. हे मी तुला आता लिहितो आहे, तू समोर असताना माझ्या तोंडून आलं नसतं.

ऊस तुटायला माघ उजाडला. शेवटची गाडी भरताना तू बांधावर आडवा झालास. ऊसतोडीच्या टोळीवाल्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये घातलं, आधी सातारा, तिथून सांगली. पोट लाकडासारखं झालं होतं. सर्जननी उघडलं तर आतडं फुटलेलं. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमचाच आजार. बरेच महिने अंगावर काढलाय." दुसऱ्या दिवशी तू दोन घटका शुद्धीवर होतास. तोंडाला नळी, तरी तुला बोलायचं होतंच. म्हणालास, "दादा, मशीन लय हुशार निघालं की वं." मी म्हणालो, बोलू नकोस. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य 'बोलू नकोस' हे असावं ह्याचा मला फार राग येतो. आणि रक्त एकच असल्याचा तो वाद तू जिंकलास. जिंकायची काही गरज नव्हती.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मग एक दिवस शालन माझ्या सोप्याच्या, बाहेरच्या खोलीच्या, दाराशी येऊन उभी राहिली. दहा वर्षांत ती माझ्याशी चार वाक्यांवर बोललेली नाही, धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं बोलत नाही म्हणून. पदर पुढं ओढून, भिंतीकडे बघत ती म्हणाली, "भावजी, बाईंचं कागद आलं हुतं म्हनं. वाचून दावा."

तिला लिहिता-वाचता येत नाही. मला काहीही वाचता आलं असतं. मी पत्र काढलं आणि जसं होतं तसं वाचलं. तिनं विचारलं, "हे कवा आलं?" मी म्हणालो, "दिवाळीच्या आधी." मग तिनं सांगितलं, की आषाढातल्या बेंदराच्या आधीपासून तू पहाटे तांब्या घेऊन लांबच्या उसात जायचास, घरचा संडास सोडून. धोतर स्वतः विहिरीवर धुवायचास. तिनं एकदा डाग बघितला तर म्हणालास, "दादास्नी सांगू नगंस. त्यास्नी वाटंल, त्यांच्या संगं राहून लागलं."

"कागद तवाच मला वाचून दावायचं हुतं," शालन म्हणाली.

एवढंच. तिला ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं ते तिला. मधे फक्त एक सोपा आणि एक पदर. विहिरीवर बसून वाचण्याऐवजी मी ते पत्र चुलीपुढं वाचलं असतं तर तिनं तुला कान धरून गाडीत बसवलं असतं.

मागच्या आठवड्यात माझं पुन्हा उसळलं. शालन म्हणाली, "सांगलीला मी येनार. तुमी बरं हाय म्हनशिला." पॅसेंजरनं गेलो. रेल्वेत तीनदा उठलो आणि तीनदा ती डब्याच्या दारापर्यंत येऊन तोंड फिरवून उभी राहिली, कुणी मधे येऊ नये म्हणून. पहाऱ्याचं काम तिनं तुझ्याकडून उचललंय, पण मी कितव्यांदा उठलो ते ती मोजत नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.

बाईंनी रक्त काढलं. ह्या वेळी माझं. मग विचारलं, "मास्तर, कसं आहे?" माझं तोंड सवयीनं उघडलं. शालन माझ्या आधी बोलली, पाठ माझ्याकडे आणि तोंड बाईंकडे करून. "दिसाला बारा-चौदा येळा. रातचं चार. रगत पडतंय. धुनं मीच धुती, मला म्हाईत हाय." मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सगळ्या तारखा वाचल्या. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू. मी हो म्हणालो. वर्गात पिशवीची पोरांना सवय होईल. पोरांना माझ्या छडीची झाली, तशी हिचीही होईल.

मला वाटलं, झालं. मी उठलो. शालन उठली नाही.

"आता ह्यांचं लिवून घ्या," ती म्हणाली.

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या मालकांचं. कवापास्नं हुतं, किती येळा जायाचं, काय खाल्लं की वाडायचं. समदं सांगती. त्यांचं कुनी इचारलंच न्हाई."

आता त्याचा काय उपयोग, असं बाई म्हणाल्या असत्या तर मला नवल वाटलं नसतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी तुझं रक्त ज्या कागदांवर माझ्या नावानं होतं ते चारही कागद काढले, त्यावरचं माझं नाव खोडलं, आणि पेन तसंच धरून शालनला विचारलं, "त्यांचं नाव?"

शालन तुझं नाव घेत नाही, तू असताना कधी घेतलं नाही आणि आताही तिच्या तोंडून येईना. तिनं माझ्याकडे बघितलं, दहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

मी तुझं नाव सांगितलं.